खात्री नाही, शंका आहे

विट्याच्या पंचायत समितीत
हे आमचं तिसरं प्रशिक्षण.
पहिल्या वेळी पडद्यावर चौकटी होत्या,
चौकटींना बाण,
आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला ‘संबंधित यंत्रणा’.
दुसऱ्या वेळी वीज गेली.
तरी पोहे मिळाले, सह्या झाल्या,
फोटोत आम्ही सगळे काळ्या पडद्याकडे
मन लावून बघतोय.

आज कडेगावच्या मुजावर सिस्टर आल्या.
निवृत्त. पेनड्राइव्ह नाही.
बाजाराच्या पिशवीतून त्यांनी
वायर तुटलेला लँडलाइन काढला, टेबलावर ठेवला.
“एकेकानं यायचं, उचलायचा, बोलायचं.”
काय बोलायचं?
“दिसलं ते.”

अंगणवाडीच्या सुगंधाबाई होनमाने पहिल्या.
रिसीव्हर कानाला लावला आणि त्यांना हसूच आलं,
मग सगळ्या हॉलला.
“हॅलो, एक लेकरू हाय बगा…
त्याच्याकडं जरा… दुर्लक्ष…”
“दुर्लक्ष दिसत नाही, सुगंधा.
नखं दिसतात.
अंगावरचा शर्ट दिसतो, तोच तो,
किती दिवस, ते मोज.”

मागून कुणीतरी तडकून विचारलं,
आमच्याकडं निम्म्या पोरांची चप्पल तुटकी.
सगळ्यांच्या आयांना चौकीवर बसवायचं का?
सिस्टर थांबल्या. चष्मा पुसला.
“चप्पल बघू नका.
तुटल्यावर पोर ती कुणाला दाखवतं, ते बघा.
दाखवायला कुणी असलं
तर त्या घराला रेशन लागतं, फोन नाही.”

मग माझं नाव आलं.

प्रणील. चौथी. पटावर सतरावा.
आईवडील तिकडं इरोडला, गलाईच्या दुकानात,
इथं ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचं घर.
खाली चुलता, वर हा एकटा,
गळ्यात किल्ली.
मी हजेरीपटावर लिहिलं ‘अनियमित’.
पुढच्या महिन्यात प्रगतिपुस्तकावर ‘आळशी’.
दोन्ही शब्द माझ्या अक्षरात,
दोन्ही त्याच्याबद्दल.
“बंगल्यातल्या पोराला काय कमी, गुरुजी?”
हेडमास्तर म्हणाले,
“शाळेची कमान त्यांनीच दिली.”
त्या कमानीखालून मी रोज सायकल घातली.
पोराची दाढ सडून पू जबड्यात उतरला,
सांगलीच्या सिव्हिलला नेलं,
तेव्हा तो वर्गात
अकरा दिवस गालाला हात लावून बसलेला होता.
अकरा. मी नंतर मोजले.

रिसीव्हर जड असतो, विसरलो होतो.
“मला तशी खात्री नाही, पण…”
“खात्री करणं तुमचं काम नाही, गुरुजी.
ज्यांचं आहे त्यांना उठवा.
‘पण’ नको. पुन्हा.”

हॅलो.
चौथीतला मुलगा आहे.
गालाला सूज, अकरा दिवस.
डब्यात रोज बिस्किटाचा पुडा, तोही चावता येत नाही.
घरी रात्री मोठं माणूस वर जात नाही, असं तो सांगतो.
मला खात्री नाही.
मला शंका आहे.

पलीकडे कुणी नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही.
तरी माझा कान तापला होता,
आणि हॉलमध्ये
पोह्यांच्या ताटल्या गोळा करणारा पोरगा
ताटल्या घेऊन उभाच राहिला होता.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. उत्तम, चांगले, बरे.
मी तिन्ही चौकटी सोडल्या, खाली लिहिलं:
दर जूनला घ्या.
नवा पट हातात देण्याआधी
हा फोन हातात द्या.

परतीच्या एसटीत पुढच्या सीटवर सुगंधाबाई,
खिडकीकडं तोंड, ओठ हलतायत.
बघणाऱ्याला वाटावं, बाई स्तोत्र म्हणतायत.
भाळवणीच्या उताराला गाडीचा आवाज कमी झाला
तेव्हा मला नीट ऐकू आलं:
“हॅलो. तीन वर्साची पोरगी.
कानातनं पानी येतंय, नऊ दिस.
न्हाई, हसत न्हाई मी.
पत्ता लिवून घ्या.”